रजईचा चौथा कोपरा

"बाई, ड्राफ्ट गेला!"

शनिवारी दुपारी दीड वाजता खुर्शीदा पिंजारी होस्टेलच्या रेक्टर गोदाताईंच्या दारात उभी होती आणि तिच्या खांद्यावर अख्खी रजई होती. जुलैचा उकाडा, अंगाला घाम, आणि ही पोर रजई घेऊन आलेली. गोदाताईंनी चष्मा लावला.

सत्त्याण्णव साल होतं. नाशिकच्या त्या निवासी बी.एड. कॉलेजात फी बँकेच्या ड्राफ्टनंच घेत, तीही आज एकाच दिवशी, दहा ते पाच. जिची फी आली नाही तिची जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या नावाला. खुर्शीदाच्या अब्बांनी, देवळ्याच्या रहेमान पिंजाऱ्यांनी, तीन हिवाळे गाद्या-रजया भरून ही रक्कम उभी केली होती. पुन्हा ती उभी राहणार नव्हती.

"रजईत ठेवला होतास?"

"अब्बांनी शिवला. गुरुवारी समोरच्या बँकेतून काढला आणि इथंच व्हरांड्यात बसून कोपऱ्यात शिवून टाकला. कापसात सरकू नये म्हणून कागदाला कापडासकट चार टाके घातले. म्हणाले, पेटीचं कुलूप कुणीपण तोडेल, रजई कोण उसवतंय? आत्ता मी फी भरायला निघाले, कोपरा चाचपला, तर हाताला कागदच लागेना."

"बँकेची पावती?"

"अब्बांकडे. ते त्याच संध्याकाळी देवळ्याला गेले. बँकपण बंद झाली आता." खुर्शीदानं रजई छातीशी आवळली. "बाई, अब्बांना काय सांगू?"

गोदाताईंना पोरीची दया आली, पण त्यांनी ती दाखवली नाही. पंचवीस वर्षं शाळेत शिवण शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि कुणाच्याही शब्दावर चटकन विश्वास ठेवायचा नाही ही खोड तिथूनच लागलेली. त्यांनी रजई टेबलावर पसरली.

तीन कोपऱ्यांवर दुहेरी लाल दोरा आणि ऐसपैस टाके. चौथ्यावर दोरा तोच, पण एकेरी, टाके बारीक आणि नेटके. शेजारी जाड सुईची चार भोकं रिकामीच होती. ताईंनी टेप लावून भोकांमधली अंतरं वहीत टिपली.

"हा दोरा कुठून आला?"

"अब्बा सुई-दोरा माझ्याच डब्यात ठेवून गेले. डबा खिडकीतच असतो."

"शिवताना कोण कोण होतं?"

"आमच्या खोलीतल्या दोघी, मनीषा आणि वैजयंती. फुलाबाई चहा घेऊन आली होती. आणि ऑफिसातले यादव."

फुलाबाई मेसमध्ये भाकऱ्या थापत होती.

"म्या कशाला घेऊ तो कागद? यादवसाहेब तर म्हाताऱ्याला बोलले पण, चाचा, बँकेच्या कागदाला भोकं नका पाडू. म्हाताऱ्यानं ऐकलंच नाय."

"त्यानंतर खोली कधी मोकळी होती? कोण होतं आत?"

"काल सांजच्याला बाकी समद्या प्रार्थनेला. मनीषाला लय ताप, ती झोपलेली. वैजयंती तिच्या उशाशी बसून होती. गुणाची पोर हाय ती."

मनीषा अंबडची. तिचे वडील कामाला होते तो कारखाना चार महिने बंद होता, हे सगळ्या होस्टेलला ठाऊक होतं.

"फी भरलीस?"

"सकाळीच, बाई."

"पैसे कुठले?"

ती गोरीमोरी झाली. "आईनं फुलांच्या मळ्यातला तिचा हिस्सा मामाला लिहून दिला. कुणाला सांगू नका."

खरं असेल, नसेलही. ताई ऑफिसात गेल्या.

"यादव, प्रतीक्षा यादीत पहिलं नाव कुणाचं?"

यादवांचा चेहरा पडला. "माझ्या मेहुणीचं. पण बाई, देवाशप्पथ सांगतो..."

"शपथा राहू द्या. आजचे सगळे ड्राफ्ट दाखवा."

ड्राफ्ट एकाच बँकेचे, एकाच रकमेचे. ताई एकेक कागद खिडकीच्या उजेडात धरू लागल्या. यादव घड्याळाकडे पाहत होते. साडेतीन झाले, चार वाजत आले. बेचाळिसावा कागद धरून ताई थांबल्या. त्यांनी टेप लावला, मग वही उघडली.

"तिन्ही मुलींना बोलवा."

तिघी आल्या. त्र्यंबकेश्वरच्या लॉजवाल्यांची वैजयंती खुर्शीदाच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"ड्राफ्ट प्राचार्यांच्या नावानं असतो," ताई म्हणाल्या. "विद्यार्थिनीचं नाव खिडकीशी आल्यावर मागे लिहितात. म्हणजे जिच्या हातात कागद, तिची फी. सोमवारी पावतीवरचा नंबर जुळवून चोरी कळलीच असती, पण तोवर खुर्शीदाची जागा गेली असती."

ताईंनी हातातला कागद खिडकीच्या उजेडात धरला.

"यादवांवर माझा संशय होता. पण त्यांना नुसती जागा रिकामी हवी असती, तर कागद फाडून टाकला असता. मनीषावरही होता. तिच्या ड्राफ्टला टाचणीची दोनच भोकं आहेत. या ड्राफ्टला टाचणीची सोडून आणखी चार आहेत, जाड सुईची, एका रांगेत. अंतरं रजईवरच्या भोकांशी तंतोतंत जुळतात." त्यांनी कागद उलटा केला. "मागे नाव तुझं आहे, वैजयंती."

खुर्शीदाच्या पाठीवरचा हात गळून पडला.

"तुला गं काय कमी होतं?" ताईंचा आवाज चढला.

"बाबांनी लग्न ठरवलंय," वैजयंती खाली बघत म्हणाली. "शिकायला एक पैसा देणार नाही म्हणाले. इथं मी सगळ्यांना सांगून बसले होते, फी तयार आहे म्हणून. मनीषा ग्लानीत होती तेव्हा उसवलं."

"आणि चोरी झाकायला परत शिवलं."

"नाही, बाई. कापूस बाहेर यायला लागला होता. हिच्या अब्बांनी एवढा पिंजून भरलेला..."

ताईंना हे पटेना, आणि खोटं आहे असंही छातीठोकपणे म्हणवेना.

पाचला दहा मिनिटं कमी असताना यादवांनी प्राचार्यांकडून सही आणून ड्राफ्टमागचं नाव बदललं. वैजयंतीची जागा रिकामी झाली आणि नियमानं यादवांच्या मेहुणीला गेली. कधी नव्हे ते ताईंनी त्यांची माफी मागितली.

वैजयंती पेटी भरायला गेली. ताईंनी कात्री काढली आणि रजईचा चौथा कोपरा पुढे ओढला.

"आण तुझा दोरा. हे उसवून नीट शिवून देते."

खुर्शीदानं रजई हळूच मागे घेतली. तिनं बारीक टाक्यांवरून बोट फिरवलं.

"राहू द्या, बाई," ती म्हणाली. "शिवण पक्की आहे."