दोन कड्या कमी

हारिस दुकानात शिरला तो घड्याळ घ्यायला नव्हे, एसटी चुकली म्हणून. बारामतीत एसटी चुकणं ही काही मोठी घटना नाही. पण रसूलभाईंच्या घड्याळाच्या दुकानात त्या दुपारी त्यांची लेक मुबशिरा एकटी बसली होती. ही मात्र घटना होती.

"हे काय हाय?" त्यानं काचेखालच्या करड्या घड्याळाकडं बोट दाखवलं.

"टायटॅनियम." तिनं ते त्याच्या तळहातावर ठेवलं. पातळ, पिसासारखं हलकं, मंद चकाकीचं, भरून आलेल्या आभाळाच्या रंगाचं...

"आत मशीन हाय न्हवं?" हारिसनं हात वर-खाली केला. भवानीनगरला कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या ट्रॉल्या मोजायची त्याची नोकरी; सवय जाते कुठं? "साठ ग्रॅम... जास्त न्हाय."

"तुमी घड्याळ बघताय का तोलताय?"

"बघतोयच की," तो म्हणाला. बघत होता तिच्याकडं.

त्यानंतर दर गुरुवारी त्याची एसटी नेमानं चुकू लागली. तो घड्याळ हातात घ्यायचा, ती काच पुसायची. पुसून पुसून काच इतकी लख्ख झाली, की मुबशिराला तिच्यात आपलंच हसू दिसायला लागलं.

मग एका गुरुवारी ती काच पुसत नव्हती.

"ते आता विकायचं न्हाय," ती म्हणाली. "रविवारी इंदापूरचे पाहुणे मला बघायला येणार हायेत. नवरदेवाला घड्याळ मुलीकडनं असतं... अब्बांनी हेच बाजूला काढलंय."

बाहेर एसटी सुटली. हारिस हलला नाही.

"त्याच्या मनगटाचं माप घेतलं?"

"मी त्याला अजून बघितलंबी न्हाय."

त्यानं बाही दुमडली, हात काउंटरवर ठेवला. "मग... माझं घ्या."

मग मुबशिरानं पट्ट्याच्या दोन कड्या काढल्या. तिची बोटं त्याच्या नाडीवर अंमळ रेंगाळली—माप अचूक नको?

संध्याकाळी रसूलभाईंनी डबी उघडली. "पट्टा का आखूड केलास? कड्या परत बसव."

"त्या हितं न्हाईत, अब्बा."

"मग कुठं हायेत?"

"ज्याच्या मापाचं झालंय... तो घेऊन गेला."

रसूलभाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि लेकीकडं बघत राहिले. मग त्यांनी इंदापूरला फोन लावला, आणि रविवारी आपल्याला ताप येणार असल्याचं पाहुण्यांना कळवलं.

फोन ठेवून म्हणाले, "त्याला सांग, रविवारी घरच्यांना घेऊन ये. तवर बरं वाटंल मला."