बेज्जूरच्या वाटेवरचे रुसके दिवे

पोलिओच्या लशीचा डबा, आतला बर्फ वितळायच्या आत, बेज्जूरच्या दवाखान्यातल्या फ्रिजपर्यंत पोचवायचा, एवढ्यासाठी आमची ही मोहीम होती. माझी थोरली बहीण ताराताई तिथं नर्स, मी तिथल्याच शाळेत मास्तर, आणि जीप भिवाजीमामाची. सकाळी लेकरांना लस द्यायची होती. मागल्या खेपेला बर्फ वाटेतच वितळला, लस वाया गेली, आणि जंगलातल्या पाड्यांवरून पोरं कडेवर घेऊन चालत आलेल्या बायांना ताईला हात जोडून परत पाठवावं लागलं. ते तिला फार लागलं होतं. आदिलाबाद सोडल्यापासून तिनं डबा मांडीवरून खाली ठेवला नव्हता.

कागजनगरच्या पुढं दोनदा चाक पंक्चर झालं आणि जंगलात शिरेपर्यंत दिवस बुडाला. वाटेवर सागाची सुपाएवढी वाळकी पानं पसरलेली, दोन्ही अंगांना बांबूची बेटं, अंगाला गोड वाटणारा गारवा. खरं सांगतो, मला घाई नव्हती. मामानं दिवे लावले आणि पहिल्याच खड्ड्याला ते गेले!

"रुसले न बाप्पा!" मामा म्हणाला.

पुढच्या खड्ड्याला आले. पुन्हा गेले. मामानं फ्यूज बदलला आणि मोठ्या ऐटीत गाडी हाणली. ओढ्याचा उतार लागला. निम्म्यावर आलो आणि मिट्ट काळोख! मामानं ब्रेक दाबला. जीप मुरमावरून घसरली, कलली, थांबली. मी उतरून बॅटरी मारली. पुढचं चाक अगदी काठावर होतं आणि खाली नुसते खडक! मी झटकन चाकाखाली दगड सारला.

"मामा, मी डबा घेऊन पायीच निगते," ताई म्हणाली.

"अन् अस्वलाले बी लस देतं का? बोरं खायाले तेच हिंडून राह्यले असतीन. गुमान बस, तारे!"

मामानं दिव्यांची काच खोलून पाहिली. "बलब त चांगले हायेत. मंग काऊन जाऊन राह्यले?"

मी वाकून बघायला मडगार्डवर रेललो. लख्ख उजेड पडला! आणि त्या उजेडात, ओढ्याच्या पाण्यात, अस्वल! काळंभोर, चांगलं धिप्पाड! मी दचकून मागं सरलो. काळोख! पाणी खळबळलं. फुसफुस जवळ येऊ लागली.

"मास्तर, रेल! रेल तिथंच!" मामा ओरडला.

मी अख्खं अंग मडगार्डवर टाकलं. उजेड! ताईनं हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. अस्वल गुरगुरलं, वळलं आणि बांबू मोडत पसार झालं.

मामा मडगार्डखाली हात घालून चाचपू लागला. दोन्ही दिव्यांची अर्थिंगची तार तिथं एकाच बोल्टाखाली होती, आणि तो बोल्ट बोटानं फिरत होता. मी रेललो की तार टेकायची, हटलो की सुटायची.

"हा ढिला कोनं ठिवला?"

"मीनंच," ताई हळूच म्हणाली.

परवा आमच्या तामसी गावात नव्या बुद्धविहाराच्या उद्घाटनाची मिरवणूक निघाली होती. पुढं ही जीप, आणि पंचशील ध्वजाची काठी याच बोल्टात अडकवलेली. मिरवणूक संपल्यावर ताईनं ध्वज उतरवला. तो भुईवर कसा ठेवणार? एका हातात ध्वज धरून दुसऱ्या हातानं तिनं बोल्ट नुसता बसवला, पान्यानं आवळला नाही.

आता मामा बोलणार, असं मला वाटलं. तो हसत सुटला. "बराबर केलं तुनं. खाली ठिवला असता त मीच कावलो असतो!"

त्यानं तारेवरचा गंज चाकूनं खरवडला, पान्यानं बोल्ट आवळला आणि मडगार्डला दणकून लाथ घातली. दिवे गेले नाहीत! मग मी रेटा दिला, मामानं गाडी मागं घेतली, चाक वाटेवर आलं आणि पाणी उडवत आम्ही ओढा पार केला.

बेज्जूरला जीप थांबायच्या आत ताईनं उडी टाकली. फ्रिजपाशी तिनं डबा उघडला, हात आत घातला.

"हाय! बर्फ हाय अजून!" ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

सकाळी दवाखान्याच्या अंगणात बायांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली. पोरं भोकाड पसरत होती, ताई एकेकाच्या जिभेवर दोन थेंब सोडत होती, आणि त्या दिवशी तिनं एकाही बाईला परत पाठवलं नाही.