ओली सुतळी

शेकोटीजवळ सरका जरा, आणि ते मोबाईल खिशात ठेवा. झोप आली असंल तर आत्ताच जा, मधीच उठून गेलेलं मला चालत न्हाय. ही गोष्ट डाळजच्या अल्ताफची हाय. त्याच्या बापाला, महंमदला, मी चांगला ओळखत होतो. भुताबिताचं मला कौतुक न्हाय, घडलं तेवढं सांगतो.

दोन हजार पंचवीसचा जानेवारी. सोळा तारीख, गुरुवार. दिवस मावळायला अल्ताफ इंदापूरच्या बाजारातनं एक साखळी आणि एक कुलूप घेऊन घरी आला.

साखळी टिल्लूसाठी होती. नाव टिल्लू, पण कुत्रं वासराएवढं. महंमदनं पिल्लू असताना आणलेलं. कुत्रं घरात घ्यायचं न्हाय ही त्यांच्याकडची रीत. पण बाहेर ठेवायचं म्हणजे वाऱ्यावर सोडायचं न्हाय, असं महंमद म्हणायचा. थंडीत तो टिल्लूला पाणी तापवायच्या चुलीमागं बांधायचा, ती भिंत रातभर कोमट राहती. खाली फळी, अंगावर पोतं. विंचवाच्या भ्यानं पोतं आधी दोनदा झटकायचा, मग पोटाखाली सुतळीची गाठ मारायचा. कडबा कापायच्या मशिनीत त्याच्या उजव्या हाताची बोटं गेलेली, म्हणून सुतळीचं एक टोक दातात धरून ओढायचा. उन्हाळ्यात महंमद गेला. जाताना शेताचं काय बोलला न्हाय, घराचं काय बोलला न्हाय. पोराला म्हणला, "टिल्लूला वाऱ्यात बांधू नको."

आणि या गड्यानं नेमकं तेच केलं. आसपासच्या वस्त्यांवरनं विहिरीवरच्या मोटारी चोरीला जात होत्या. म्हणून अल्ताफ टिल्लूला फाटकाजवळच्या लिंबाला बांधायला लागला. आडोसा कसला म्हणून न्हाय. कुत्रं म्हातारं, आठ दिवसांत खोकायला लागलं. जनावरांचा डॉक्टर म्हणला, असंच उघड्यावर ठेवलं तर हे थंडी काढत न्हाय. अल्ताफ म्हणला, आधी चोर सापडू दे, मग बघू.

तर त्या आठवड्यात सोमवारपासनं रोज सकाळी टिल्लू चुलीमागं झोपलेला. अंगावर पोतं बांधलेलं. लिंबाची दोरी तोडलेली न्हाय, नीट सोडलेली. आणि रातभर कुत्रं एकदाबी भुंकलेलं न्हाय.

अल्ताफच्या डोक्यात किडा शिरला. चोर आधी कुत्र्याला लळा लावत्यात. आज पोतं घालतील, उद्या बिस्किटातनं औषध घालतील, आणि टिल्लू गेला. बापानं एवढी एकच गोष्ट हवाली केलेली, तीबी जायची. बरं, टिल्लू भुंकत न्हाय कुणावर? शेजारच्या ज्ञानदेवतात्यावर. महंमदचा चाळीस वर्षांचा दोस्त.

त्या गुरुवारी साखळी घरात टाकली आणि अल्ताफ बांधावरनं सरळ त्याच्या दारात गेला. तात्या जेवायला बसलेला.

"तात्या, रातीचं आमच्याकडं कशाला येता?"

तात्याचा घास हातातच राहिला. "हे तू मला इचारतोस?"

"टिल्लू दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू देत न्हाय."

तात्यानं ताट बाजूला सारलं. लई लागलं त्याला ते. "चल. आज तुझ्याच वट्यावर बसतो. माझ्यावर बी डोळा ठेव."

अल्ताफनं टिल्लूला लिंबाखाली नेलं. साखळी बुंध्याला बांधून टिल्लूच्या पट्ट्याला कुलपानं अडकवली, चावी स्वतःच्या खिशात टाकली. मग दोघं घोंगडी पांघरून वट्यावर बसले. अल्ताफचा एक डोळा टिल्लूवर, एक तात्याच्या हातांवर. चांदणं चांगलं पडलेलं. हायवेला मधनंच एखादा ट्रक जायचा. बाकी टिल्लूचा खोकला तेवढा ऐकू यायचा.

पावणेतीनला खोकला थांबला.

अल्ताफनं बघितलं. टिल्लू उठून बसलेला. तोंड फाटकाकडं. शेपूट मातीवर आपटत होतं. थप... थप... थप.

फाटक बंद. पलीकडं कुणी न्हाय.

त्यानं तात्याकडं बघितलं. तात्या शेजारीच. दोन्ही हात गुडघ्यावर.

साखळी वाजली.

टिल्लू चालायला लागला. सावकाश. माणसाच्या पायाशी चालावं तसं. मधीच थांबायचा, मान वर करायचा... पुन्हा चालायचा. घराच्या कोपऱ्यावरनं मागं वळला.

साखळी लिंबाखालीच पडलेली.

अल्ताफचा हात मोबाईलच्या बॅटरीकडं गेला. तात्यानं मनगट धरलं.

"नको."

"तात्या, कोण..."



घरामागनं आवाज आला. पोतं झटकल्याचा.

एकदा...

दोनदा...

अल्ताफनं वळून बघितलं, तर तात्या रडत होता.

उजाडल्यावर दोघं मागं गेले. टिल्लू फळीवर गाढ झोपलेला, गळ्यात पट्टा तसाच, अंगावर पोतं. लिंबाखाली साखळी, तिला कुलूप, आणि कुलूप बंद. चावी अल्ताफच्या खिशात. त्यानं तात्याचे दोन्ही हात धरले. "चुकलं माझं, तात्या."

"मला कशाला सांगतोस? ज्याला सांगायचं त्याला सांग."

त्या दिवसापासनं अल्ताफ टिल्लूला चुलीमागंच बांधतो. मोटार गेली तर जाऊ दे म्हणतो. कुत्र्याचा खोकला गेला, अजून चांगलं खातंपितंय. रोज संध्याकाळी अल्ताफ स्वतः पोतं घालतो, दोन घट्ट गाठी मारतो. आणि थंडीच्या दिवसांत रोज सकाळी त्याच्या दोन्ही गाठी सुटलेल्या असत्यात. त्या जागी एकच गाठ. "अब्बांना माझी गाठ अजून पटत न्हाय," म्हणतो.

तुमी म्हणाल, कुत्र्यानंच सुतळी चावली असंल. मीबी तेच म्हणलो. अल्ताफ हसला. म्हणला, "आबा, चावली असंल. पण बांधली कुणी?"

परवा त्याच्याकडं मुक्कामाला होतो. सकाळी अल्ताफ उठायच्या आधी मी एकटाच मागं गेलो. एकच गाठ होती. सुतळीचं एक टोक कोरडं खडखडीत. दुसरं दातानं चेपलेलं. बोट लावून बघितलं मी...

ओलं होतं.