विनोदिनीचा डावा हात

रविवार, १२ जानेवारी १९४१. दुपारी साडेतीनचा खेळ. चार वाजून दहा मिनिटांनी बेळगावच्या थेटरात तिसऱ्या ओळीतला एक माणूस उठून उभा राहिला, आणि मागच्यांनी ओरडा केला तरी खाली बसेना.

त्याचं नाव यल्लाप्पा. वय चौतीस, राहणार निपाणी. विड्यांच्या कारखान्यात तयार माल तपासून घेणं हे त्याचं काम. पडद्यावर ‘तांबडा दोरा’ चालला होता. त्याची नायिका विनोदिनी ही यल्लाप्पाची मेव्हणी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत निपाणीत तिला मालू म्हणत आणि ती त्याच कारखान्यात टेंभुर्णीच्या पानांच्या शिरा काढत बसे.

थेटर भरलं होतं ते एका प्रसंगासाठी. विडी वळणारी नायिका नवरा सोडून गेल्याचं कळल्यावरही हातातलं काम थांबवत नाही. आधी पडदाभर नुसते हात दिसतात. पान, तंबाखू, वळण, दोरा. मग चित्र सावकाश मनगटावरून, दंडावरून वर चढत जातं आणि शेवटी चेहरा येतो, कोरडा. मिनिटभराचा हा प्रसंग पाहायला लोक दोन-दोनदा येत होते. वर्तमानपत्रांनी नव्या नटीला त्या एका मिनिटावर डोक्यावर घेतलं होतं.

यल्लाप्पा चेहऱ्यापर्यंत पोचलाच नाही. त्याला हात दिसले, आणि ते त्याच्या बायकोचे होते.

विडीचं काम न केलेल्याला हे पटणार नाही. पण बारा वर्षं माल तपासणाऱ्याला विडी कुणी वळली ते सांगावं लागत नाही. पानाला दिलेला पीळ, बोटानं मुडपलेलं तोंड, दोऱ्याची गाठ, हे प्रत्येक बाईचं वेगळं असतं. यल्लाप्पाची बायको अंबू डावखुरी. तिच्या विडीचा पीळ इतरांच्या उलट जायचा. तोंड चार घड्यांत बंद करून शेवटची घडी ती आत खोचायची, लहान कानासारखी. हजार विड्यांच्या पाटीतून तिची एक तो डोळे मिटून काढून दाखवी, आणि बायका त्यावरून त्याची चेष्टा करत. मालू उजव्या हाताची होती आणि तिला विडी कधी जमलीच नाही. तिचं तोंड उलगडायचं, माल बाद व्हायचा.

अंबू बेपत्ता होऊन तेवीस महिने झाले होते.

फेब्रुवारी १९३९ मध्ये दोघी बहिणी गुंजीला मावशीच्या घरच्या लग्नाला गेल्या. बेळगावहून सकाळची गाडी. मावशीकडे पोचली एकटी मालू. तिनं सांगितलं, आक्का गाडीतून उतरलीच न्हाय, लोंड्याला आणि तिथनं गोव्याकडं जाते म्हणाली. खानापूरच्या फौजदारानं तसं लिहून घेतलं. गुंजीच्या स्टेशनावर त्या दिवशी बेळगावची दोन तिकिटं जमा झाली होती, तेही लिहून घेतलं. तिथल्या हमालाला बाई मात्र एकच आठवत होती. पुढे तपास थांबला.

तेव्हापासून यल्लाप्पाच्या घरात काही ठरत नव्हतं. भाऊबंद म्हणत, मेली असंल तर दिवस घाल, जिती असंल तर केस धरून आण, पण एक काय ते कर. त्याला दोन्ही करता येत नव्हतं. सासू यशोदाबाई त्याच गल्लीत राहत होती. ती रोज जेवताना एक ताट जास्तीचं घेई आणि कुणी काही बोललं तर पाणी पिऊन उठे. मालू कोल्हापूरला सिनेमाच्या कंपनीत गेल्यापासून तिनं तिचं नाव काढलं नव्हतं. पण लेकीचा सिनेमा बेळगावात लागल्यावर जावयाला एवढंच म्हणाली होती, “बघून तरी या, कशी दिसत्या ती.”

खेळ सुटल्यावर यल्लाप्पा मशीनवाल्याकडे वर गेला. त्याच्या डोक्यात एकच साधा संशय होता. फीत उलटी लागली असेल तर उजवा हात डावा दिसेल. मशीनवाला हसला. फीत उलटी लागली तर आवाज निघणार नाही, म्हणाला. आणि पडद्यावरच्या त्या खोलीच्या भिंतीवर दिनदर्शिका होती, तिचे आकडे सगळ्या गावाला सरळ वाचता येत होते.

मग दुसरा संशय, आणि तो आशेचा होता. हात अंबूचे आणि तोंड मालूचं. म्हणजे अंबू जिवंत होती, कोल्हापुरात होती, आणि बहिणीसाठी पडद्यामागं विड्या वळत होती. नवऱ्याला सोडून गेली असेल तर गेली. असली म्हणजे झालं.

मंगळवारी रजा काढून तो सर्व्हिस मोटारीनं कोल्हापूरला गेला.

कंपनीच्या आवारात शरद नावाचा कॅमेऱ्याचा मदतनीस भेटला. बेळगावचा, वकिलाच्या घरचा, नीट बोलणारा मुलगा. त्यानं यल्लाप्पाला चहा दिला आणि सगळं ऐकून मान हलवली.

“दुसरी बाई नव्हती हो,” तो म्हणाला. “हातापासून चेहऱ्यापर्यंत फीत कुठं तोडलेलीच नाही. मीच कॅमेरा उचलत नेला. हात त्यांचेच.”

यल्लाप्पानं विचारलं, मालू तर उजव्या हाताची, मग ती तिथं डाव्यानं कशी वळत होती.  शरदनं सांगितलं की हे त्यालाही खटकलं होतं. बाई सही उजव्या हातानं करतात, कुंकू उजव्यानं लावतात. पण विड्यांचं सूप मांडीवर घेतलं की डावा पुढं येतो. पहिल्या चाचणीला त्या घाबरून नुसत्या बसल्या होत्या, एक वाक्य धड येत नव्हतं. दिग्दर्शक त्यांना घरी पाठवणार होते. तेवढ्यात मांडीवरच्या सुपात हात चालायला लागला. दिग्दर्शकांनी तिथल्या तिथं ठरवलेल्या नायिकेला काढलं आणि ही भूमिका यांना दिली.

“आणि आम्ही तरी यांना कुठं बोलावलं होतं,” शरद म्हणाला. “तुमच्या कारखान्यात काम बघायला आलो होतो ना, एकोणचाळीसच्या जानेवारीत? दिग्दर्शकांना एका बाईचा हात आवडला. चाचणीला या म्हणून पत्र धाडलं. नाव अंबुबाई होतं.”

असं पत्र आल्याचं यल्लाप्पाला माहीत नव्हतं. अंबूला वाचता येत नव्हतं. तिची पत्रं मालू वाचून दाखवी.

विनोदिनीचं बिऱ्हाड तलावाच्या बाजूला होतं. तो पोचला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. दारात मोटार होती, ओसरीवर हारांचा ढीग सुकत पडला होता. मालूनं त्याला आतल्या खोलीत नेलं आणि मोलकरणीला बाजारात पाठवलं. अंगावर रेशमी पातळ, कानात मोत्यांच्या कुड्या, आणि सगळा वेळ डावा हात पदराखाली. तिनं आईची चौकशी केली. तो काय विचारायला आलाय ते तिनं विचारलं नाही.

कोपऱ्यात सूप होतं. त्यात पानं, तंबाखू, दोऱ्याची रिळं, आणि बाजूला टोपलीभर विड्या. यल्लाप्पानं उकिडवं बसून सवयीनं मूठभर उचलल्या. उलटा पीळ. चार घड्या. आत खोचलेला कान. त्यानं टोपली तळापर्यंत चाळली. एकही बाद नव्हती.

“कोण वळतंय?”

“मी न्हाय वळत, दाजी,” मालू म्हणाली. “वळलं जातंय. दुपारचं सूप घिऊन न्हाय बसलं तर हात लई शिवशिवतोय. आधी मला वाटलं, देवीनं दिलं. लोकं पाया पडत हुती, मी म्हटलं, असू दे.”

ती येऊन समोर बसली. सूप मांडीवर घेतलं. पदराखालचा हात बाहेर आला आणि सुपाच्या काठावर जाऊन बसला. जाड, तंबाखूनं पिवळा पडलेला अंगठा. दुसऱ्या हाताला रंगवलेली नखं होती.

यल्लाप्पानं जे विचारायचं ते विचारलं. अंबू कुठं उतरली?

“लोंड्याला गेली आक्का,” मालू म्हणाली. “फौजदाराला सांगितलंय की.”

सुपाच्या काठावर दोन टिचक्या वाजल्या.

कारखान्यात मोजणीच्या वेळी बायकांना बोलायची बंदी असते. तपासणारा आकडा पुकारतो. बरोबर असेल तर बाई सुपावर एक टिचकी मारते. चूक असेल तर दोन. बारा वर्षं तो आवाज यल्लाप्पाच्या कानात होता. मालूला ही खूण माहीत होतीच, तेव्हा ती आपल्याशी खेळते आहे असं त्याला पहिल्यांदा वाटलं. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती स्वतःच्या हाताकडे बघत होती, आणि तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

त्यानं नजर खाली आणली. आता तो तिच्याशी बोलत नव्हता.

“गुंजीला उतरलीस?”

एक टिचकी.

“दोघी?”

एक.

“दाजी, पुरं करा,” मालू म्हणाली. तिनं उजव्या हातानं डावा दाबून धरला. तो दाबाखाली हलला नाही, पण बोट मोकळंच होतं.

 तेवीस महिने लोक यल्लाप्पाला जे विचारत होते तेच त्यानं विचारलं.

“जिती हायस?”

दोन टिचक्या.

 रस्त्यावरून टांगा गेला, त्याच्या घुंगरांचा आवाज विरला.

“मेलीस?”

बोट वर उचललं गेलं. बराच वेळ तसंच राहिलं.

दोन टिचक्या.

“मी बी ह्येच इचारत्या, दाजी,” मालू हळू आवाजात म्हणाली. “रोज.”

मग तिनं न विचारता सांगितलं. पत्र तिनंच लपवलं होतं. गाडीत आक्काला ते कळलं, भांडण झालं. गुंजीला उतरून दोघी रुळाच्या कडेनं निघाल्या. आक्का पुढं, ती मागं. रानात रूळ वळतो तिथं आक्का वळली. मालू वळणावर आली तर पुढं सरळ रूळ होता आणि त्यावर कुणी नव्हतं.

यल्लाप्पा सुपाकडे बघत राहिला. एक टिचकी वाजली नाही. दोनही वाजल्या नाहीत.

त्या आठवड्यात तो खानापूरला फौजदाराकडे गेला. वळणाची जागा सांगितली. दोन शिपायांनी एक दिवस रान धुंडाळलं. काही मिळालं नाही. नवी माहिती कुठून आली, असं फौजदारानं विचारलं तेव्हा यल्लाप्पानं मेव्हणीनं सांगितलं एवढंच म्हटलं. मालूनं मात्र कागदावर सही करायला नकार दिला.

‘तांबडा दोरा’ कोल्हापुरात पंचवीस आठवडे चालला. पुढल्या वर्षी विनोदिनी मुंबईच्या कंपनीत गेली. वर्षाला एक बोलपट येत राहिला आणि यल्लाप्पा प्रत्येक बोलपट दुपारच्या खेळाला, त्याच तिसऱ्या ओळीतून पाहत राहिला. त्यानं दुसरं लग्न केलं नाही, दिवसही घातले नाहीत.

१९४३ च्या बोलपटात ती राणी होती. तिनं खलित्यावर मोहोर डाव्या हातानं उठवली. १९४४ मध्ये ती चालताना उजवा पाय किंचित ओढत होती. लहानपणी चुलीजवळ भाजल्यापासून अंबू तशी चालायची. १९४६ मध्ये ती हसली, आणि हसताना ओठ उघडले नाहीत. बाई दर चित्रात नवीच भासते, असं एका टीकाकारानं लिहिलं. यल्लाप्पानं ते कात्रण ठेवलं नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी १९४७ रोजी विनोदिनीचा नवा बोलपट निपाणीत लागला. यशोदाबाई जावयाला म्हणाली, “आता मला बी न्या.” तिचं वय साठीच्या आत-बाहेर होतं. चष्म्याशिवाय ती पानाची शीर निवडत होती. तीन तास ती मांडी घालून, पापणी न हलवता बघत राहिली. आसपासच्या बायका रडल्या, ती रडली नाही.

बाहेर उन्हात आल्यावर तिनं पदर सारखा केला.

“अंबूनं काम बरं केलं,” ती म्हणाली. “जरा वाळल्याय. पर मालूचं काय झालं? शेवटपातूर वाट बघिटली. ती कवा यायची हुती?”

यल्लाप्पानं नायिका मालूच म्हणून सांगितलं. ती ऐकून न ऐकल्यासारखी घराकडे चालू लागली. त्या दिवशी तिनं एक ताट जास्तीचं घेतलं नाही. आपल्यापुरतं एकच घेतलं आणि जेवली.

सोमवारी सकाळी दहा वाजता ती निपाणीच्या ठाण्यावर गेली. समोरच्या भिंतीला विनोदिनीचं दोन पुरुष उंचीचं चित्र चिकटवलेलं होतं, त्याची खळ अजून ओली होती. कारकुनानं म्हातारीचा अर्ज तिच्या सांगण्यावरून उतरवून घेतला. मुलगी बेपत्ता. नाव मालुबाई. वय सत्तावीस, रंग गोरा, उजव्या हाताची. शेवटचं केव्हा पाहिलं, या रकान्यात तिनं लिहायला लावलं: फेब्रुवारी १९३९, गुंजीला जाताना, बहिणीसोबत.

कारकुनानं पेन थांबवून विचारलं, बहीण परत आली का?

यशोदाबाईनं दारातून समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि होय म्हणून सांगितलं.

मुंबईच्या बिऱ्हाडावर चौकशीचा कागद गेला. त्याची पोच मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आली. सहीच्या जागी डाव्या अंगठ्याचा ठसा आहे. अर्जाचा तपास चालू आहे.