लयपट्टी

सोबतखोलीत रागावायला मनाई होती. भिंतीवर तशी पाटीच होती: 'शांत बसा. तुमच्या माणसाचं काम चालू आहे.' काचेच्या अलीकडे आया, बाप, भाऊ, बहिणी कानामागे पट्टी चिकटवून लसूण सोलत, वाती वळत, पेंगत बसायचे. काचेच्या पलीकडे त्यांची माणसं केळीची रोपं तयार करायची. याच माणसांना रावेर तालुका पूर्वी वेडं म्हणायचा. आता मॅडम म्हणतो, साहेब म्हणतो. गावाला लाज नसते. पगार दिसला की झालं.

प्रणिता फिरके काचेला लागून बसली होती आणि धाकट्या बहिणीकडे बघत होती. कांचन चिमट्यानं बाटलीतला कोंब उचलायची, पात्यानं त्याचे भाग करायची, एकेक भाग नव्या बाटलीत लावायची. साऱ्या प्रयोगशाळेत तिच्याच बाटल्यांना बुरशी धरत नसे.

आपण मनात बोलतो तेव्हा मेंदू त्या बोलण्यावर एक खूण करतो: हे माझंच. डॉ. रुखसाना तडवी तिला 'स्वखूण' म्हणत. ही खूण ठरावीक लयीत उमटते. कॉलेजात असताना कांचनची लय विस्कटली. स्वतःचेच विचार तिला परक्याच्या आवाजात ऐकू येऊ लागले आणि ती खोलीत कोंडली गेली. औषधांनी आवाज दबले, पण त्यांच्याबरोबर हातही जड झाले. मग लयपट्टी आली. निरोगी माणसाची लय ती टिपते आणि जवळच्या आजारी माणसाच्या मेंदूला पुरवते. भजनात एकाचा ताल चुकला की तो शेजाऱ्याचं ऐकून सावरतो, तसंच. रक्ताचं माणूस असलं की लय लवकर जुळते. अशा माणसाला 'सोबती' म्हणतात. तो शांत बसला की पलीकडचा काम करतो.

प्रणितानं त्यासाठी शाळेतली नोकरी सोडली. सोबत्याला चहा मिळतो, भत्ता मिळतो. नाव विचारायला कुणी येत नाही.

"करमाळ्याला चालली म्हणे तुझी बहीण," शेजारचे धांडेकाका म्हणाले. त्यांचा मुलगा आत बाटल्या धूत होता. "तिथल्या नव्या प्रयोगशाळेची मुख्य मॅडम."

"माझ्याशिवाय कुठं जाईल?"

"ते आहेच. बैल जाईल तिथं जू जातं."

"बैल कोण आणि जू कोण, काका?"

"पाटी वाच बाई, पाटी," काका म्हणाले आणि लसणाकडे वळले.

आजारी बहिणीचा हेवा वाटतो असं कुणी कबूल करत नाही, म्हणून तो नसतो असं सगळे धरून चालतात. असतो. अनवाणी पळत सुटलेल्या कांचनला शेताच्या बांधावरून ओढत कुणी आणलं? आलेली स्थळं कुणाची परत गेली? आणि आता हार कुणाला, फोटो कुणाचा? कांचनच्या सत्काराच्या दिवशी फोटोवाल्यानं प्रणिताला म्हटलं होतं, "ताई, जरा बाजूला व्हा."

एकदाच तिचा हात थरथरू दे. सगळ्यांसमोर. घरीही कधी न काढलेली कानामागची पट्टी प्रणितानं उचकटली.

कांचनचा हात थरथरला नाही. चिमटा, कोंब, पातं, बाटली. तसंच, स्वच्छ.

"बघ, तुझ्यावाचून काही अडत नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

प्रणिता वळली. मागं भिंत होती.

"काय म्हणालात, काका?"

"मी कुठं काय म्हणालो?"

"तुला विचारतंय कोण," तोच आवाज पुन्हा आला, अगदी मानेशी.

आत कांचननं वर पाहिलं. जोड तुटली की दुसऱ्याच्या कानामागची पट्टी थरथरते. हातातलं काम टाकून ती बाहेर धावली. असं कधी कुणी करत नसे. तिनं बहिणीच्या हातातली पट्टी घेऊन तिच्या कानामागे दाबून धरली. आवाज बंद झाला.

डॉक्टरांनी दोघींना आपल्या खोलीत बोलावलं.

"तिच्या मेंदूनं लय शिकून घेतली," डॉ. तडवी म्हणाल्या. "तुमचा मेंदू मात्र दोघींसाठी लय धरता धरता एकट्यानं धरायची विसरला. दिवाळीपासून लय तिकडून इकडं येतेय."

"म्हणजे सोबती ती आहे."

"हो."

"आणि हे मला आज कळतंय?"

"मीच नको म्हटलं होतं, ताई," कांचन म्हणाली. "रोज डबा भरताना म्हणायचीस, चल, तुला कामाला लावते. काय सांगणार होते तुला?"

"दया केलीस होय माझ्यावर?"

"काम केलं. रोपांचं केलं, तुझंही केलं."

"मी करमाळ्याला येणार नाही."

"मग मीही जाणार नाही. तुला आवाजांच्या तावडीत टाकून? मला माहीत आहे ते काय असतं."

प्रणिताला आतून गोड वाटलं. एका 'नाही'नं ही इथंच अडकते. मॅडम व्हायची नाही. त्या गोडीची तिची तिलाच किळस आली.

"डॉक्टर, हेवाही आजारातच धरायचा का?"

"पट्टीतून फक्त लय जाते, भावना जात नाहीत, असं आम्ही मानत होतो."

"होतो?"

डॉक्टर कांचनकडे बघू लागल्या.

"मी खोलीत असताना तू सायकल काढून शाळेत जायचीस," कांचन हळू बोलत होती. "मी खिडकीतून बघायचे. वाटायचं, हिचा पाय मोडावा, हिनंही इथं येऊन बसावं. बेंबीपाशी गार गोळा यायचा. लोक जळतं म्हणतात, मला गार पडायचं. पट्टी लागली आणि तो गोळा गेला. मला वाटलं, मी बरी झाले."

प्रणिताचा हात पोटाकडे गेला. तिथं गार होतं.

"हे माझं आहे," ती म्हणाली. "तुझं काही नाही यात. एवढं तरी माझं असू दे."

कांचननं वाद घातला नाही. "करमाळ्याला काय कळवू?" एवढंच तिनं विचारलं.

प्रणितानं तोंड उघडलं. 'नाही' जिभेवर आलंच होतं. पण ते म्हणणारी आपणच का, याची तिला आधी खात्री करायची होती, आणि ती कशी करतात हे तिला आठवेना.