हर्षल खरं बोलला तर

मोताळ्याच्या आठवडी बाजारात अवकाळी पावसात एका पोराची छत्री उलटली, आणि तिच्यातलं सगळं पाणी धम्मशीलाच्या अंगावर! माफी मागता मागता त्यानं तिलाच विचारलं – सेंद्रिय कापूस गटाचं ऑफिस कुठं? आता त्या गटाची सचिव तीच, मग काय... तीन आठवडे झाले, पोरीचं कशात लक्ष म्हणून नव्हतं.

तो पोरगा, हर्षल, ब्लॉकचेन विकायला आला होता. कोणतं पोतं कोणाच्या शेतातलं, याची कॉम्प्युटरवरची नोंद. प्रत्येकाकडे तीच एक प्रत. आज बैठकीत निर्णय होता. गट हो म्हणाला तर त्याची नेमणूक इथंच, नाहीतर संध्याकाळच्या गाडीनं रायपूर.

अध्यक्ष मंजुळाबाईंनी चष्मा पुसला. "खरं सांगजो बाबू, आमाले याची गरज हाय काय?"

हो म्हण... म्हण ना रे, धम्मशीला मनात म्हणाली.

हर्षलनं एकदा तिच्याकडे पाहिलं. "मावशी, तुमची वही कोन लिवते?"

"हे धम्मशीला."

"तिच्यावर कोनाचा भरवसा नाही?"

मंजुळाबाईंनी वही धम्मशीलाच्याच पुढ्यात सरकवली.

"मंग नाही लागत. लिवनारे चार जन, एकाचा दुसऱ्यावर भरवसा नाही, अन् सगळ्याइले चालन असा मधला मानूसबी नाही – तवा हे कामाचं. लिवलेलं मांगून कोनी गुपचूप बदलू शकत नाही. पन पोत्यातच भेसळ असन, तं खोटंच पक्कं होते. तुमाले वही पुरते."

बैठक पाच मिनिटांत उठली.

धम्मशीलानं त्याला बसस्टँडवर गाठलं. "मोठे आले खरं बोलनारे," ती म्हणाली. "मी मनात म्हनत होती, खोटं बोला..."

"अन् बोललो असतो तं?"

"तं तुमी राह्यले असते." ती थांबली. "पन मंग तुमच्या हरेक बोलन्याचं मले भेव वाटलं असतं."

नांदुरा रेल्वे स्टेशनची बस लागली. हर्षलनं बॅग उचलली, पण पाय काही निघेना.

"तिकून रोज फोन केला तं... चालन?"

"फोन कायले? बाबाले भेटाले कवा येता, ते सांगा."

तो हसला. "येत्या रविवारी."

"रायपूरहून?"

"हाव."

एरवी प्रत्येक पोतं दोनदा तोलून घेणारी धम्मशीला... पण तिनं पुन्हा विचारलं नाही.