रिकाम्या ट्रेलरचं ओझं

ओझं ओढताना इंजिन का तापतं, हे मी बखीतला इतक्यांदा समजावलं आहे की एखादा दगडही शिकला असता. चढ लागण्याआधी खालच्या गिअरला ये. एसी बंद ठेव. काटा वर सरकायला लागला तर हीटर लाव. इंजिनाची उष्णता आत येईल, आपण घामाघूम होऊ, पण गाडी वाचेल. मी आयुष्यभर थुमरैतच्या शाळेत पोरं शिकवली. बोटं मोजून बेरजा करणारीही शेवटी शिकली. माझा धाकटा भाऊ मात्र एसी लावून, वरच्या गिअरमध्ये सलालाचा घाट चढायला निघाला होता.

माझ्या चिडण्याचं कारण तेवढंच नव्हतं. सकाळी आम्ही आमच्या सम्हा उंटिणीचं आजारी पिल्लू ट्रेलरमध्ये घालून सलालाला जनावरांच्या डॉक्टरकडे आणलं होतं. ते वाचलं नाही. मी आईची औषधं आणायला बाजारात गेलो, तेवढ्यात बखीतने ते पुरूनही टाकलं.

"कातडं कुठे आहे?" मी विचारलं.

"पुरलं. सगळंच पुरलं. बघवेना, दादा."

सांडणीला पिल्लू जवळ असेल तरच पान्हा फुटतो. पिल्लू गेलं, तर त्याच्या कातड्यात गवत भरून तिच्यापुढे उभं करायचं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. ती हुंगते, फसते, दूध देते. आणि घरी आईच्या पोटात सम्हाच्या दुधाशिवाय आता काहीच टिकत नव्हतं. पाणीसुद्धा उलटून पडायचं. हे सगळं माहीत असून या शहाण्याने कातडं मातीत घातलं होतं. पुन्हा उकरावं म्हटलं, तर वर चुना टाकला होता.

घाटात धुकं होतं. काच पुसत राहावी लागत होती आणि बाहेरची हवा थंड, ओली होती. अशा हवेत इंजिन तापायला नको. तरी निम्म्या चढावर काटा लाल रेघेकडे सरकला.

"रिकामा ट्रेलर आहे, दादा," बखीत वैतागून म्हणाला. "गाढवानेही ओढला असता."

"गाढवच ओढतंय," मी म्हणालो. "थांब आता. गाडीचं तोंड वाऱ्याकडे कर. इंजिन बंद करू नकोस, पंखा फिरत राहू दे."

त्याने लगेच उतरून, डोक्याचं फडकं हाताला गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. मी तो हात धरला. गरम झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं, हेही मी पहिलीच्या वर्गाला सांगावं तसं पुन्हा सांगितलं. मग सगळं नीट तपासलं. बाजूच्या डब्यात पाणी भरलेलं होतं. पंख्याचा पट्टा घट्ट होता. जाळीत गवत नव्हतं, किडे नव्हते. ट्रेलरचा ब्रेक अडकला असेल म्हणून चाकांना हात लावून पाहिला. ती थंड होती.

तेव्हा मला चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दिसले. ट्रेलरचे पाटे दबून सपाट झाले होते आणि टायर खालून फुगले होते. सकाळी पिल्लू आत असताना ते असे दबले नव्हते.

"आत काय भरलंस?"

"काही नाही."

मी डोकावलो. बादली, दोर, आणि पेंढा. मधला पेंढा बसल्या जनावराखाली दबतो तसा दबलेला होता. पिल्लू सकाळी तिथेच बसलं होतं, त्यामुळे त्यात विशेष काही नव्हतं.

घाटमाथ्यावर धुकं संपलं आणि सपाट माळ लागला. इथे काटा खाली यायला हवा होता. आला नाही. बखीतने वेग वाढवला की तो वर चढायचा. उंट चालेल तेवढ्या वेगाने गेलं की जागेवर राहायचा. ब्रेक लावला की ट्रेलर मागून ढकलायचा, पण क्षणभर उशिरा. आत उभं जनावर पाय रोवतं, तसा.

बखीतलाही ते कळलं असावं. त्याने न सांगता एसी बंद केला.

उरलेली वाट आम्ही सावकाश, हीटर लावून गेलो, आणि कुणीच घाम पुसला नाही.

अंगणात पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. बखीतची बायको तुफूल भांडं घेऊन बाहेर आली. सम्हा कुंपणापासून धावत आली, ट्रेलरच्या फटीला नाक लावलं आणि घशातून हलका आवाज काढू लागली.

बखीतने सवयीने मागची फळी खाली टाकली.

पाटे करकरले आणि वर आले.

सम्हा वळली. चार पावलं चालली, थांबली, पिल्लू मागून येतंय ना बघावं तसं मागे पाहिलं. पुन्हा चालली.

तुफूलने तिचे उजवीकडचे दोन सड पिळले. धार पहिल्याच ओढीला आली. भांडं फेसाने भरलं. आई ते प्यायली, आणि ते तिच्या पोटात टिकलं.

मग मी तुफूलला सांगितलं की पिल्लू सलालातच गेलं, आम्ही काहीच परत आणलेलं नाही.

"भाऊजी, थट्टा पुरे," ती म्हणाली आणि भांडं विसळायला गेली.

उजवे सड घरासाठी, डावे पिल्लासाठी, ही आमची रीत. तिने रीतीप्रमाणे डावे सोडले होते. आता ते प्यायला कुणी नव्हतं. दूध साचून कास सुजेल, म्हणून तेही पिळून टाकायला मी सम्हाजवळ वाकलो.

डावे दोन्ही सड रिकामे, लोंबते होते. हात लावला तर ओले लागले, आणि कोमट.